रेडिओचा आवाज ऑनलाइन मिळतो, मग वऱ्हाडाचा का मिळत नाही?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गाईड मॅडमसमोर संशोधनाचा आराखडा ठेवला. विषय होता वऱ्हाडातला रेडिओ आणि ग्रामीण श्रोता. 'साधने' या शीर्षकाखाली मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं, "आकाशवाणीचे ऑनलाइन उपलब्ध ध्वनिसंग्रह". मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "तू ऐकलंस का त्यातलं काही?"

मी म्हटलं, "अजून नाही, पण आहे खूप."

"मग आधी ऐक. काय मिळालं आणि काय नाही मिळालं, त्याच्या दोन वेगळ्या याद्या करून आण."

पंधरा दिवस हेडफोन लावून बसले. पहिली यादी चार पानांची झाली. त्यात गांधीजी होते, नेहरू होते, बडे गुलाम अली खाँ होते. दुसरी यादी एका ओळीत संपली: अकोला-अमरावतीकडचा शेतकरी, मजूर किंवा गृहिणी रेडिओवर बोलते आहे, असा एकही तुकडा मला सापडला नाही. जो विषय घेऊन मी नोंदणी केली होती, त्याचं मुख्य साधनच हातात नव्हतं. नोंदणी रद्द करायची की विषय बदलायचा, इथपर्यंत गोष्ट आली होती.

विषय बदलला नाही. प्रश्न मात्र बदलला. तो कसा बदलला ते इथे सांगते, कारण 'ऑनलाइन आहे ना सगळं' या भरवशावर आराखडा लिहिणारी मी एकटीच नाही, हे मला आता माहीत आहे.

आधी वऱ्हाडाचा रेडिओ समजून घेऊ

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. वऱ्हाडाला जवळचं म्हणावं असं केंद्र मिळायला त्यानंतर २१ वर्षं लागली. १६ जुलै १९४८ ला नागपूर केंद्र सुरू झालं. तेव्हा अमरावती आणि अकोला हे जिल्हे 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या प्रांतात होते. १९५० मध्ये हाच प्रांत मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

म्हणजे अकोल्याजवळच्या एखाद्या गावात पारावर बसून रेडिओ ऐकणारा माणूस जागचा हलला नाही, पण बारा वर्षांत त्याचं राज्य बदलत गेलं. ऐकू येणारं केंद्र मात्र नागपूरच राहिलं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. गावाला सामुदायिक रेडिओसंच देण्याच्या योजना राज्य सरकारांमार्फत चालत. राज्य बदललं की फाईल बदलली, फाईल ठेवणारं कार्यालय बदललं. त्यामुळे वऱ्हाडाच्या रेडिओचे कागद एका जागी असतील अशी अपेक्षाच ठेवू नका. नागपूर, मुंबई, भोपाळ अशा तिन्ही दिशा डोक्यात ठेवाव्या लागतात.

दुसरी गोष्ट अंतराची. नागपूरहून अमरावती साधारण दीडशे किलोमीटर, अकोला अडीचशेच्या आसपास. मध्यम लहरींचं प्रक्षेपण दिवसा जमिनीच्या अंगाने जातं आणि अंतर वाढलं की क्षीण होतं. रात्री त्याच लहरी वरच्या वातावरणातून परावर्तित होऊन खूप लांब जातात, पण मग एकात एक स्टेशनं मिसळतात आणि आवाज कमीजास्त होत राहतो. म्हणून मुलाखतीत कोणी "आम्ही नागपूर ऐकत होतो" म्हटलं, की लगेच विचारायचं: दिवसा की रात्री? संच कोणता होता? एरियल कुठे बांधली होती? ऐकण्याचा इतिहास लिहायचा तर ऐकू किती येत होतं हे आधी कळायला हवं.

स्थानिक केंद्रं खूप उशिरा आली. देशातलं पहिलं स्थानिक रेडिओ केंद्र ३० ऑक्टोबर १९८४ ला तमिळनाडूत नागरकोईलला सुरू झालं. पुढे त्याच धर्तीवर आपल्याकडे अकोला आणि अमरावतीला एफएम केंद्रं आली. तोवरची चार दशकं वऱ्हाडाचा आवाज ऐकवायचा तर तो बहुतांशी नागपूरमार्गेच जायचा.

ऑनलाइन काय आहे आणि तेच का आहे?

आज घरबसल्या बरंच काही ऐकता येतं, यात शंका नाही. प्रसार भारतीच्या अर्काइव्ह्जचं यूट्यूब चॅनल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे ॲप सुरू झालं, त्यावर आकाशवाणी आणि दूरदर्शनचं जुनं साहित्य टाकलं जातं. 'न्यूज ऑन एअर'वर नागपूर केंद्राची मराठी बातमीपत्रं हवी तेव्हा ऐकता येतात. पूर्वी सातच्या बातम्या चुकल्या की चुकल्याच. आता त्या परत ऐकता येतात, थांबवता येतात, वाक्य उतरवून घेता येतं. संशोधकासाठी ही सोय लहान नाही.

पण हवं तेव्हा ऐकता येणं आणि हवं ते ऐकता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सोय तंत्रज्ञान देतं. दुसरी मात्र ऐंशी-सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी घेतलेल्या निर्णयावर अवलंबून असते.

१२ नोव्हेंबर १९४७ ला गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी भवनात गेले आणि कुरुक्षेत्रच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलले. ते मुद्रण जपलं गेलं. जपलं जाणारच होतं, त्या दिवशी प्रत्येकाला त्याचं मोल ठाऊक होतं. राष्ट्रपती-पंतप्रधानांची भाषणं, शास्त्रीय संगीत, १९५५ पासूनची सरदार पटेल स्मृती व्याख्यानं, गाजलेली नाटकं, मोठ्या माणसांची आत्मकथनं हे सारं 'जपण्यासारखं' ठरलं. तुरीवरच्या अळीबद्दलची चर्चा, कापसाचे बाजारभाव, गावातल्या बायकांच्या ओव्या हे त्या दिवसापुरतं होतं.

शिवाय सुरुवातीला बहुतेक कार्यक्रम थेट सादर व्हायचे. माणूस माइकसमोर बोलला, शब्द हवेत गेले, संपलं. टेप आल्यानंतरही ती महाग होती. पाव इंच रुंदीच्या चुंबकीय टेपचं स्पूल पुसून पुन्हा वापरायची पद्धत जगभरच्या रेडिओत होती. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. उद्याचा कार्यक्रम करायचा तर टेप हवी, आणि कपाटात आहे ती कालचीच. मग कोणती पुसायची? जिच्यावर प्रसिद्ध नाव नाही ती.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं समजू नका. जॉर्ज ऑरवेल १९४१ ते १९४३ बीबीसीच्या पूर्वेकडच्या सेवेत होते. त्यांनी लिहिलेली बातमीपत्रं मराठीतही भाषांतर होऊन प्रसारित व्हायची, आणि वेणू चितळे त्या विभागात काम करत होत्या. दोन वर्षं रेडिओत घालवलेल्या या लेखकाच्या आवाजाचं एकही मुद्रण आज ज्ञात नाही. लिहिलेल्या संहिता मात्र मोठ्या प्रमाणात उरल्या, कारण युद्धकाळात प्रत्येक शब्द आधी टाइप होऊन सेन्सॉरकडून तपासून यायचा. आवाज गेला, कागद राहिला. ही गोष्ट वाचली आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला: रेडिओचा इतिहास लिहायला फक्त कान पुरत नाहीत.

जे ऐकू येतं तेही तपासायचं

आता तीन उदाहरणं बघू. मुलाखतीला किंवा प्री-पीएचडीच्या सादरीकरणाला बसाल तेव्हा उपयोगी पडतील.

पहिलं गाडगेबाबांचं. बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ८ नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी मुंबईत वांद्र्याला केलेलं कीर्तन त्यांचं अखेरचं कीर्तन मानलं जातं. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या काठी त्यांचं निधन झालं. त्या कीर्तनाचं मुद्रण आज ऑनलाइन अनेक ठिकाणी ऐकायला मिळतं. वऱ्हाडी माणसाला ते ऐकून भरून येतं, मलाही आलं. पण संशोधक म्हणून ऐकताना प्रश्न पडायला हवेत. हे मूळ लांबीचं आहे की कापलेलं? श्रोत्यांचे प्रतिसाद मूळचेच आहेत का? खरखर कमी करताना शब्द तर गेले नाहीत? एकाच कीर्तनाच्या वेगवेगळ्या लांबीच्या फायली असतील तर त्या शेजारी ठेवून मिनिटागणिक जुळवाव्या लागतात, हस्तलिखिताच्या पाठभेदांसारख्या. आणि एक फार मोठी गोष्ट: हा वऱ्हाडाचा आवाज आहे, पण तो मुंबईत मुद्रित झालेला आहे. समोर शहरातली माणसं होती. अशा वेळी बाबा आपली बोली किती ठेवतात आणि किती बदलतात, हा एका प्रकरणाचा विषय होऊ शकतो.

दुसरं गीतरामायणाचं. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही मालिका पुणे केंद्रावरून एप्रिल १९५५ पासून वर्षभर चालली, एकूण ५६ गीतं. मराठी रेडिओचा सर्वांत लाडका कार्यक्रम कोणता म्हटलं की हेच नाव येतं. आज आपण गीतरामायण शोधलं की समोर येतं ते बहुतेक वेळा फडक्यांनी एकट्याने गायलेलं. १९५५ च्या श्रोत्याने मात्र ते अनेकांच्या आवाजात ऐकलं होतं: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके आणि इतर. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज होता. म्हणजे इतक्या प्रसिद्ध कार्यक्रमातसुद्धा 'तेव्हा काय ऐकू आलं' आणि 'आज काय ऐकू येतं' यांत फरक पडतो. पुढे निघालेली ध्वनिमुद्रिका ऐकून १९५५ च्या प्रसारणावर निष्कर्ष काढला, तर परीक्षक तिथेच पकडतील.

तिसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे, जिथे आवाज उरला नाही पण कागद उत्तम उरला. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, शेतकऱ्यांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं. जे. सी. माथुर आणि पॉल न्यूराथ यांचा त्यावरचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला. मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओ नसलेली गावं अशी तुलना त्यात आहे. मराठी खेड्यात रेडिओ कसा ऐकला जायचा हे समजून घ्यायला इतकं चांगलं साधन मला दुसरं मिळालं नाही.

पण ते पाच जिल्हे पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. वऱ्हाड नाही. का नाही, याचं उत्तर वर दिलेल्या तारखांतच आहे: १९५६ च्या एप्रिलमध्ये अमरावती-अकोला मुंबई राज्यात नव्हते, मध्य प्रदेशात होते. सात महिन्यांनी आले. नोव्हेंबर १९५९ मध्ये श्रोता मंडळांची योजना देशभर गेली, तेव्हा केंद्रात शेतीचं खातं सांभाळत होते अमरावतीचेच डॉ. पंजाबराव देशमुख. तरीही मराठी ग्रामीण श्रोत्याचा जो पहिला बारकाईने केलेला अभ्यास, त्यात त्यांचा जिल्हा नाही. राज्याची सीमा कुठून जाते यावर कोणाचं ऐकणं इतिहासात नोंदवलं जाईल हे ठरलं.

इथे माझा प्रश्न बदलला. 'वऱ्हाडाने रेडिओवर काय ऐकलं' याऐवजी मी विचारू लागले, 'वऱ्हाडाचा आवाज संग्रहात कुठे कुठे आणि कशामुळे गळला, आणि त्याची कोणती खूण अजून शिल्लक आहे?' या प्रश्नाला साधनं होती.

कागदातला आवाज

आकाशवाणीचं 'द इंडियन लिसनर' हे कार्यक्रमपत्रिकेचं नियतकालिक डिसेंबर १९३५ मध्ये निघालं आणि १९५८ मध्ये त्याचं नाव 'आकाशवाणी' झालं. त्याचे बरेच अंक आता स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत. त्यात केंद्रवार, दिवसवार, वेळेनुसार कार्यक्रम छापलेले असतात. एखादा आठवडा घ्यायचा, नागपूरचे सगळे कार्यक्रम तक्त्यात भरायचे: किती मिनिटं मराठी, किती हिंदी, ग्रामीण कार्यक्रम किती वाजता, बायकांसाठीचा किती वाजता. अशा पाच-सहा वर्षांतल्या एकेका आठवड्याचे तक्ते शेजारी ठेवले की चित्र उभं राहतं. एकही सेकंद न ऐकता.

एक सावधगिरी. हे अंक प्रसारणाच्या आधी छापले जात. छापलं म्हणजे प्रसारित झालंच असं नाही. पाहुणे येत नसत, वीज जात असे, नेत्याचं निधन झालं की सगळा दिवसच बदले. खरं काय झालं ते केंद्राच्या लॉगबुकात आणि ड्युटी ऑफिसरच्या नोंदीत. तिथवर पोहोचता आलं तर उत्तम. नाही तर जुन्या दैनिकांत छापलेले 'आजचे कार्यक्रम' आणि वाचकांची पत्रं पडताळणीला घ्यायची. अमरावती-अकोल्याच्या सार्वजनिक वाचनालयांतल्या जुन्या फायली मी याच कामासाठी चाळल्या. धुळीने आठ दिवस शिंकत होते, पण चीज झालं.

घरांतही कागद असतात. रेडिओ बाळगायला एकेकाळी परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. ते परवान्याचं पुस्तक अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी अजून सापडतं. कोणत्या साली, कोणाच्या नावावर, किती वर्षं भरलं, एवढं त्यातून कळतं.

आजींचं करारपत्र

अशाच एका ट्रंकेत मला करारपत्र मिळालं. अकोला जिल्ह्यातल्या एका गावात मी मुलाखती घेत होते. ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. एका केंद्राचं छापील करारपत्र, त्यावर त्यांचं नाव, मानधनाची रक्कम आणि समोर 'लोकगीते'. त्या आणि गावातल्या आणखी तिघी रेडिओवर जात्यावरच्या ओव्या गायला गेल्या होत्या.

"मले सही करता येत नव्हती," आजी म्हणाल्या. "आंगठा देल्ला. पन रेडिओवाल्यायनं माह्यं नाव घेतलं, गावाचंबी घेतलं. समद्या गावानं आयकलं. म्या नाही आयकलं, मी तं तथीच होती ना!"

स्वतःचा रेडिओवरचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. कार्यक्रम लागला तेव्हा त्या वावरात होत्या की परतीच्या वाटेवर, हे त्यांना नीट आठवत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "तुह्या मोबाईलात सापडते का पोरी? समदं सापडते म्हन्तात."

मी शोधलं. तिथे बसून, नंतर महिनाभर. नाही सापडलं. त्या टेपचं नेमकं काय झालं हे कोणालाच सांगता आलं नाही.

नंतर पुन्हा गेले तेव्हा आजी म्हणाल्या, "नसन सापडत तं जाऊ दे माय. आता आयक." आणि त्या गायल्या. फोनमध्ये चौदा मिनिटं आहेत. मध्ये कोंबडा आरवतो, नातसून भांडी आपटते, दोन ठिकाणी आजी ओवी विसरतात आणि हसतात.

भावनेच्या भरात मी ते प्रबंधात 'रेडिओवरील ओव्या' म्हणून घालणार होते. मॅडमनी थांबवलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हे त्या वेळचं प्रसारण नाही. पन्नासेक वर्षांनी, वेगळ्या घशातून, माझ्यासारख्या मुलीसमोर म्हटलेलं गाणं आहे. स्टुडिओत किती ओव्या घेतल्या, कोणती गाळायला सांगितली, हे त्यातून सिद्ध होत नाही. करारपत्र हा प्रसारणाचा पुरावा आहे. चौदा मिनिटं हा आठवणीचा पुरावा आहे. दोन्ही मौल्यवान, पण एकाच्या जागी दुसरा बसवायचा नाही.

मग आपण काय जपायचं, कसं जपायचं?

चांगल्या ऑनलाइन संग्रहाचे दोन नमुने माझ्यासमोर होते. एक ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाशी जोडलेल्या ग्रामोफोन तबकड्यांचा. १९१३ ते १९२९ दरम्यान देशातल्या कितीतरी भाषा-बोलींचे नमुने मुद्रित झाले, आणि आता ते शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत ऐकता येतात. दुसरा आपल्या घरचा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या जमा केल्या, एक लाखाहून जास्त. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने येत आहेत. या दोन्हींत एक साम्य आहे. आवाजाबरोबर नोंद आहे: कोण, कुठलं, कधी, काय म्हटलं. नोंद नसती तर तो नुसता ढीग झाला असता.

वऱ्हाडातही असा ढीग घराघरांत पडलेला आहे. १९८० नंतर टू-इन-वन आले आणि लोक रेडिओवरचं कॅसेटवर उतरवू लागले. भजनं, नाटकं, कोणाच्या काकांची मुलाखत. केंद्राकडे नसेल ते कपाटावरच्या डब्यात असू शकतं. पण टेपचा लेप सुटतो, बुरशी लागते, ती ताणली जाते. अशी कॅसेट मिळाली तर एवढं कराच:

१. वाजवण्याआधी तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. बुरशी दिसली तर वाजवूच नका, जाणकाराला दाखवा.

२. मूळ प्रत वेव्ह फॉर्मॅटमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घ्या. एका चॅनलला तासाला साधारण ५०० एमबी लागतात. एमपीथ्री फक्त ऐकायला आणि पाठवायला.

३. मूळ फाईलची खरखर काढू नका. साफसफाई हवी तर प्रतीवर करा. आज खरखर वाटते ती उद्या कोणाला तरी स्टेशन ओळखायला उपयोगी पडेल.

४. कॅसेटच्या कव्हरवरची अक्षरं, तारीख, पेनाच्या खुणा यांचा फोटो काढा. कोणी मुद्रित केलं, कोणत्या संचावर, कुठल्या गावात, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

५. ज्यांचा आवाज आहे त्यांची किंवा घरच्यांची संमती घ्या आणि ती कशासाठी आहे ते स्पष्ट लिहा. अभ्यासासाठी दिलेली संमती म्हणजे सगळ्यांना ऐकवायची परवानगी नव्हे.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. आपल्या कॉपीराइट कायद्यात एका कार्यक्रमावर अनेकांचे हक्क असू शकतात. प्रसारणाच्या पुनरुत्पादनाचा हक्क २५ वर्षं, कलाकाराचा ५० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं, आणि संहितेचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून 'जुनं आहे, टाका यूट्यूबवर' असं चालत नाही. स्वतःच्या संशोधनासाठी ऐकायला आणि रास्त प्रमाणात वापरायला कायदा मुभा देतो. जगाला ऐकवायचं असेल तर विचारावं लागतं. संग्रह सावकाश का उघडतात, त्याचं एक कारण हेही आहे.

शेवटी आराखड्याबद्दल

माझ्या आराखड्यातली ती ओळ आता अशी आहे: "ऑनलाइन ध्वनिसंग्रह (निवड आणि गाळणीच्या अभ्यासासह), छापील कार्यक्रमपत्रिका, परवाने व करारपत्रे, खासगी कॅसेट, मौखिक मुलाखती." लांबली आहे, पण खरी आहे. तुम्हीही आराखडा लिहाल तेव्हा मॅडमनी मला करायला लावल्या त्या दोन याद्या नक्की करा. काय मिळालं आणि काय नाही मिळालं. माझ्या बाबतीत दुसऱ्या यादीनेच प्रकरणं दिली.

आजींच्या चौदा मिनिटांची एक प्रत त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये टाकून दिली आहे. त्याने ती ब्लूटूथ स्पीकरवर लावली. आजी पदर तोंडाशी धरून शेवटपर्यंत ऐकत बसल्या. संपल्यावर म्हणाल्या, "आवाज बसला व माह्या. तवा आयकाले पायजे होता."

फाईलच्या नावात मी गाव, तारीख आणि त्यांचं नाव घातलं आहे. ती संग्रहात कधी द्यायची, ते त्या ठरवतील.